ओली बंदूक

बेटेगावात आमच्या शेजारच्या अंगणात कपड्यांच्या दोरीवर बंदूक वाळत घातलेली असे.

एका बाजूला परकर, दुसऱ्या बाजूला टॉवेल आणि मध्ये तारेच्या दोन आकड्यांना अडकवलेली एकनळी ठासणीची बंदूक. नळीपासून दस्त्यापर्यंत हिरव्या, पिवळ्या, मातकट रंगांची पानापानांची नक्षी. तिच्याखाली प्लास्टिकच्या खुर्चीत जनूभाऊ राखणीला बसलेले. परवान्याची बंदूक नजरेआड करायची नसते, हा नियम ते कसोशीने पाळत. अंगणात कोणी पाऊल टाकलं की त्यांचं पहिलं वाक्य ठरलेलं, 'हात नका लावू, ओली हाय.' 'या, बसा' त्यानंतर.

मी तेव्हा पालघरच्या एका दैनिकाला बातम्या पाठवत असे आणि बोईसरच्या गोंगाटाला कंटाळून बेटेगावात राहायला आलो होतो. शेजारी बंदूक वाळत घालतो, ही पहिल्या दिवशी मला बातमी वाटली. पुढे सवय झाली. दोरीवर बंदूक नसली की घरात काही बरंवाईट तर नाही ना, असं वाटू लागलं.

जनूभाऊंचं सगळं आयुष्य तारापूरच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका रंगाच्या कारखान्यात गेलं. काम शेड जुळवण्याचं. गिऱ्हाईक पत्र्याचा एखादा तुकडा पाठवायचं आणि अगदी तसाच रंग डबाभर हवा म्हणायचं. जनूभाऊ तो तुकडा खिडकीशी धरायचे, डोळे बारीक करायचे आणि ढवळायच्या पट्टीने काळा, पांढरा, पिवळा थेंब थेंब टाकत राहायचे. जमलं नाही की म्हणायचे, 'अर्धा टोन मागं हाय.' कारखान्याने त्यांना निवृत्त केलं. त्यांच्या डोळ्यांना ते कोणी कळवलं नाही.

त्यामुळे घरातलं वरणही अर्धा टोन मागं असे. सुमनवहिनी, म्हणजे त्यांच्या पत्नी, ताट वाढून झाल्यावर हे ऐकत आणि शांतपणे म्हणत, 'मग जेवू नका, भिंतीला लावा.' भाजीवालीच्या टोपलीतल्या टोमॅटोंची ते 'बॅच' ओळखत. माझ्या स्कूटरचा पुढचा मडगार्ड बदललेला आहे हे त्यांनी पहिल्या भेटीत सांगितलं. माझ्या केसांबद्दल जे सांगितलं ते इथे देण्याचं कारण नाही.

या डोळ्यांपायी एकदा एक लग्न मोडता मोडता राहिलं. गावातल्या मुलीची हळद होती. नवऱ्याला लावून उरलेली उष्टी हळद मुलीकडे आली, तीच मुलीला लावायची. जनूभाऊ आदल्या रात्री नवऱ्याच्या गावी कामाला गेले होते आणि सकाळी तिथली हळद पाहून आले होते. इथली वाटी पाहताच ते म्हणाले, 'ही बॅच ती नव्हं.' उष्टी हळद पाठवलीच नाही असा त्याचा अर्थ निघाला, मुलीचा मामा चपला घालून उभा राहिला. शेवटी वरपक्षाकडून आलेल्या बाईने रडत कबूल केलं की वाट खड्ड्यांची, वाटी सांडली, आणि तिने दुकानातली पुडी भिजवून वेळ मारून नेली. लग्न झालं. जनूभाऊंना तेव्हापासून सगळ्या लग्नांची आमंत्रणं येतात, पण हळदीच्या वेळी त्यांना कोणीतरी मुद्दाम चहाला घेऊन जातं.

बंदूक जनूभाऊंची नव्हती. ती त्यांचे थोरले बंधू हरिदादा यांची. त्याआधी ती वडिलांची होती. परवाना पिकाच्या रक्षणाचा. दोघा भावांपैकी जनूभाऊ कारखान्यात गेले आणि हरिदादा डोंगरपायथ्याच्या भातशेतीत राहिले. दादांनी लग्न केलं नाही. धाकट्याच्या संसारातच एका खाटेवर त्यांचा संसार. पण गावात घराची ओळख दादांवरून होती. 'बंदूकवाल्यांचं घर' म्हटलं की रिक्षावाला इथे आणून सोडत असे.

भात पोटरीला आलं की डोंगरातून रानडुकरं उतरत. दादा दिवेलागणीला शेतातल्या माळ्यावर चढत, नळीत नुसती दारू ठासत आणि आभाळाकडे तोंड करून एक बार काढत. डुकरं माघारी फिरत. आसपासच्या सगळ्या शेतांना तो एक बार पुरे. जुनी माणसं सांगत, की बाराचा आवाज आला की घराघरांतून ताटं मांडली जायची. 'दादांचा बार झाला, चला जेवायला,' असं म्हणत. कधी दादा तापाने पडले तर त्या दिवशी गाव उशिरा जेवायचं. हे मी स्वतः पाहिलेलं नाही. मी राहायला आलो तेव्हा बार थांबले होते, कारण बंदूक ओली होती.

रंगवायची कल्पना आली भाच्याच्या मोबाइलवरून. तारापूरच्या वसाहतीत राहणारा भाचा सुट्टीत आला होता. परदेशातले शिकारी बंदुका घरच्या घरी झाडीसारख्या कशा रंगवतात, याचा व्हिडिओ त्याने गंमत म्हणून दाखवला. जनूभाऊंनी तो पुन्हा पुन्हा पाहिला. माणूस बंदूक पुसतो, मोजक्या जागा चिकटपट्टीने झाकतो, फिका रंग मारतो, त्यावर पानं धरून गडद रंग फवारतो आणि पानं उचलली की नक्षी उरते. जनूभाऊंनी मत दिलं, 'काम बरं करतो, पण त्याची हिरवळ अर्धा टोन मागं हाय.'

पहिल्या प्रयत्नात त्यांनी सागाचं पान घेतलं. सागाचं एक पान म्हणजे जेवणाची पत्रावळ. ते नळीवर धरलं तर सगळी नळी झाकली गेली. फवारणी संपल्यावर बंदूक होती तशी आणि मागची भिंत हिरवी. दुसऱ्या खेपेला चिंचेचा पाला घेतला. त्याने बंदुकीला कांजिण्या आल्यासारखं दिसू लागलं. तिसऱ्या खेपेला बांधावरचं गवत आणि कुड्याची पानं जमली. फक्त रंगाला चमक होती. चमक म्हणजे जनूभाऊंच्या मते लाज. ती मारण्यासाठी त्यांनी रंगात सुमनवहिनींची चंदनाची पावडर कालवली. तेव्हापासून आमच्या दोन्ही अंगणांत टर्पेंटाइन आणि चंदन असा मिश्र वास दरवळू लागला, लग्नघराला नुकता रंग काढल्यासारखा.

खरी अडचण पुढे आली. जनूभाऊ श्रावणातल्या बांधाची हिरवी शेड जुळवत. एक हात मारला की तो सुकायचा, मग दुसरा, मग पानं, मग पावडरीचा शेवटचा हात. हवेत ओल, त्यामुळे सगळं रेंगाळे. बंदूक तयार होईपर्यंत भाद्रपद उजाडलेला आणि बांधाने रंग बदललेला. जनूभाऊ बंदूक घेऊन बांधावर जात, डोळे बारीक करत, आणि मान हलवत परत येत. मग पुन्हा दोरी. दसऱ्याची पिवळी झाक पकडेपर्यंत कापणी होऊन नुसता पेंढा उरे. पेंढ्याची शेड जमेपर्यंत डोंगरावर पेरणीसाठी पालापाचोळा पसरून राब भाजायला लागलेले असत, आणि जमीन काळी-राखाडी. त्यांच्या कपाटात रंगांचे डबे ओळीने होते. त्यांवर कंपनीसारखे आकडे नव्हते. श्रावण, दसरा, पेंढा, राब, अशी नावं होती. बंदूक वर्षभर ऋतूच्या मागे धावे आणि वर्षभर ओली असे.

रोज संध्याकाळी खाटेवरून दादांचा आवाज येई, 'सुकली काय रे जन्या?'

'नाय दादा. ओली हाय.'

'मग ऱ्हाऊंदे. सुकली की जाऊ.'

थोड्या वेळाने दादा विचारत, आज कोणता रंग. जनूभाऊ सविस्तर सांगत. बांधाच्या कडेला फिकं, मुळाशी गडद, मधे कुरडूच्या तुऱ्याइतकी गुलाबी झाक. दादा डोळे मिटून ऐकत. हिशेबी माणसाला आपलं पीक कोणी वर्णन करून सांगावं तसं.

खालच्या शेताचे किसनभाऊ मात्र वैतागले होते. त्यांच्या भातात डुकरं शिरत होती. ते येऊन बंदुकीकडे आणि मग जनूभाऊंकडे पाहत. एकदा म्हणाले, 'जनूभाऊ, आता हिला साडी नेसवा, म्हंजे पुरी झाली.' जनूभाऊंनी गंभीरपणे विचारलं, 'कंच्या शेडची?' किसनभाऊ रागाने निघाले आणि जाताना टर्पेंटाइनने भिजलेलं एक फडकं उचलून घेऊन गेले. ते त्यांनी कुंपणाला बांधलं. डुकराला दिसतं कमी, वास मात्र फार दुरून येतो. काही दिवस त्या बाजूने डुकरं फिरकली नाहीत. किसनभाऊंनी हे कोणाला सांगितलं नाही, पण जनूभाऊंच्या अंगणातली फडकी कमी होऊ लागली.

मी बातमीदार. आभाळाकडे तोंड करून बार काढायच्या बंदुकीला झाडीचा रंग कशाला, हा प्रश्न मला पहिल्या आठवड्यातच पडायला हवा होता. तो पडला दसऱ्याला.

त्या दिवशी बंदूकवाल्यांकडे शस्त्रपूजा असते आणि आसपासची मंडळी येतात. ओसरीवर पाट मांडले होते. विळे, कोयते, नांगराचा फाळ, जनूभाऊंची रंग ढवळायची पट्टी. मधल्या पाटावर नव्या भाताच्या लोंब्या आणि आपट्याची पानं पसरून त्यांवर बंदूक. रंग अर्थात दसऱ्याचा, आणि त्या वर्षी पहिल्यांदाच शेड वेळेवर जमली होती. लोंब्यांत ती खरोखर मिसळून गेली होती. जनूभाऊंनी सगळ्यांना बजावलं, हात लावू नका, ओली आहे.

हरिदादा पांढरी टोपी घालून पाटासमोर बसले. बोट कुंकवात बुडवलं, पुढे नेलं आणि टेकवलं. बोट टेकलं ते बंदुकीपासून वीतभर अलीकडे, आपट्याच्या पानावर. दादांनी बोट तसंच ठेवलं. पान हलकं असतं, लोखंड नसतं. हे त्यांच्या चेहऱ्यावर उमटलं आणि तिथेच थांबलं.

जनूभाऊंनी दोन्ही हातांनी बंदूक उचलून अलगद दादांच्या बोटाखाली सरकवली आणि मोठ्याने म्हणाले, 'बगा, कशी मिसळलीय. दादालापन गावली नाय.'

सगळे हसले. किसनभाऊ सर्वांत मोठ्याने हसले, म्हणाले, आता डुकरांचं काही खरं नाही. दादाही हसले. पूजा पार पडली, सोनं वाटलं गेलं. मला आपट्याची पानं देताना जनूभाऊंचे हात पुढे आले तेव्हा मी ते पाहिले. ओल्या बंदुकीला धरलेले ते हात स्वच्छ होते.

मंडळी पांगल्यावर ते विहिरीवर हात धुवायला गेले. धुण्यासारखं त्यांवर काही नव्हतं. मी मागोमाग गेलो आणि विचारलं, दादांना कधीपासून दिसत नाही. त्यांनी बादली विहिरीत सोडली, भरून वर घेतली, मग बोलायला लागले.

काचबिंदू होता. डॉक्टरांनी सांगितलं होतं की गेलेली नजर परत येत नाही. हे दादांनी जनूभाऊंना सांगितलं नव्हतं. जनूभाऊंना ते डॉक्टरकडून कळलं होतं, आणि आपल्याला कळलंय हे त्यांनी दादांना सांगितलं नव्हतं. एका संध्याकाळी दादा बार काढायला निघाले. माळ्याखाली उभे राहून त्यांनी नळीत दारू ओतायला घेतली. दारू नळीच्या बाहेर, मातीत पडत होती. दादा ओतत राहिले.

'मी खाली बसून झाडून घेतली,' जनूभाऊ म्हणाले. 'तो काय बोलला नाय, मी काय बोललो नाय. घरी आलो. पन दुसऱ्या दिवशी त्यानं परत बंदूक मागितली. मोठा हाय तो. त्याला नाय म्हनायचं कसं?'

त्याच आठवड्यात भाचा मोबाइल घेऊन आला होता.

जनूभाऊंनी बादली पुन्हा विहिरीत सोडली. एवढ्या पाण्याचं त्यांना काही काम नव्हतं. 'दादा बंदूकवाला म्हनून जगला,' ते म्हणाले. 'बंदूक गेली तर खाटेवर कोन बसलाय, तेच कळनार नाय कुनाला.'

मी ते कुठे लिहिलं नाही, कोणाला बोललो नाही. दोरीवर बंदूक वाळत राहिली.

पुढच्या वर्षी दोन गोष्टी एकाच वेळी आल्या. परवान्याची मुदत संपत होती, आणि नूतनीकरणासाठी दादांना डॉक्टरसमोर उभं राहावं लागणार होतं. जनूभाऊ अस्वस्थ झाले. परवाना आपल्या नावावर करता येईल का, तपासणी घरी येऊन होईल का, डोळ्यांचा तक्ता पाठ करता येईल का, असे प्रश्न ते मला कुंपणापलीकडून विचारत. तक्त्याचा प्रश्न त्यांनी खरोखर विचारला. वरून खाली अक्षरं कोणती असतात, ती दादाला शिकवतो म्हणाले. वहिनींनी आतून ऐकलं आणि म्हणाल्या, 'अन् डॉक्टरानं खालून वर विचारलं मंग?'

दुसरी गोष्ट, त्या वर्षी डुकरांना टर्पेंटाइनची सवय झाली. एका सकाळी किसनभाऊंचं निम्मं भात उकरलेलं आढळलं. फडकं कुंपणावर तसंच होतं. संध्याकाळी किसनभाऊ आले ते जनूभाऊंना ओलांडून थेट खाटेपाशी गेले. आवाज चढवला नाही. 'दादा,' ते म्हणाले, 'एक बार काढा. उरलंसुरलं वाचंल.'

जनूभाऊ म्हणाले, 'ओली हाय, किसन.'

'मी दादाला विचारतोय.'

दादा खाटेवर उठून बसले. कपड्यांच्या दोरीकडे त्यांचं तोंड होतं. वास तिकडून येत होता. मग म्हणाले, 'जन्या, बंदूक सुकव.'

किसनभाऊ समाधानाने गेले. या घरात मात्र त्या रात्री कोणी नीट जेवलं नाही. दादा उद्या माळ्यावर चढणार, असाच आम्हा सगळ्यांचा समज झाला. वहिनींनी दारूचा डबा धान्याच्या कणगीत लपवला. जनूभाऊ अंगणात बसून राहिले. अंधुक उजेडात बंदूक दिसत नव्हती, त्यामुळे ते रिकाम्या दोरीखाली राखण करत असल्यासारखे दिसत होते.

सकाळी दादा टोपी घालून तयार होते. दसऱ्याची तीच पांढरी टोपी. 'चल,' ते म्हणाले, 'ठाण्यात. जमा करायची हाय.'

मी स्कूटर ठेवली आणि त्यांच्याबरोबर रिक्षाने गेलो. बंदूक चादरीत गुंडाळून जनूभाऊंच्या मांडीवर होती. कारखान्यांच्या बाजूला वळल्यावर जनूभाऊंनी सवयीने एका भिंतीकडे पाहिलं, आणि दादांनी विचारलं, 'काय मागं हाय?' जनूभाऊ म्हणाले, 'काय नाय. जमलीय.' ती भिंत कुठल्याही अंगाने जमलेली नव्हती.

हवालदारांनी चादर उलगडली आणि काही वेळ नुसते पाहत राहिले. मग परवान्यावरचं वर्णन वाचलं. काळी नळी, तपकिरी दस्ता. मग बंदुकीकडे पाहिलं. म्हणाले, 'काका, ही बंदूक हाय की बांध?' नंबर जुळल्याशिवाय जमा करता येणार नव्हती, आणि नंबर रंगाखाली होता. जनूभाऊंनी खिशातून ढवळायची पट्टी काढली. ती त्यांनी बरोबर आणली होती. बाहेरच्या बाकावर बसून ते खरवडू लागले.

वरचा थर दसऱ्याचा निघाला. त्याखाली पुन्हा हिरवा.

शेजारी बसलेल्या दादांनी विचारलं, 'आता कंचा निघला?'

'श्रावन. औंदाचा.'

'पाऊस लांबला व्हता तो?'

'तोच.'

पट्टी खालवर होत राहिली. राखाडी पापुद्रे जनूभाऊंच्या मांडीवर पडले. 'राब,' ते न विचारता म्हणाले. मग पेंढा, त्या पेंढ्याच्या वर्षी गवताच्या वखारीला आग लागली होती ते दादांनी आठवून सांगितलं. मग आणखी एक दसरा. एकेक वर्ष सोलून निघत होतं आणि दोघं भाऊ त्याबद्दल शांतपणे बोलत होते, कधी कुठलं शेत आडवं झालं, कधी कोणाची म्हैस व्याली. ठाण्यातला एक शिपाई ते ऐकत दारात उभा राहिला होता. शेवटी पट्टीचा आवाज बदलला.

'आता?' दादांनी विचारलं.

'लोखंड.'

'कसं दिसतं?'

जनूभाऊंनी नळी उजेडाकडे धरली, डोळे बारीक केले. 'बाबांनी आनली तवा जसं व्हतं तसंच,' ते म्हणाले.

नंबर जुळला. हवालदारांनी कारण विचारलं. बंदूक स्वखुशीने जमा करण्याचं काही कारण लिहावं लागतं. जनूभाऊ घाईने म्हणाले, 'आता डुकरं नाय येत आमच्याकडं.' हवालदार त्याच पट्ट्यातले होते. त्यांनी पेन थांबवलं, पण वादही घातला नाही.

'दिसत नाय म्हनून लिवा,' दादा म्हणाले.

जनूभाऊंची पट्टी पुन्हा नळीवरून फिरू लागली. तिथे रंग उरलेला नव्हता.

हवालदार जरा खाकरले. म्हणाले, 'वयोमानामुळे, असं लिहू का दादा?'

'नाय. डोळं गेलं. तसंच लिवा.' दादांनी हात पुढे केला. तो हवेत जरा चाचपडला आणि भावाच्या गुडघ्यावर येऊन थांबला. 'ह्याला रंगवून रंगवून दमवला मी.'

अंगठा कुठे लावायचा ते हवालदारांनी बोट धरून दाखवलं. जनूभाऊंनी मांडीवरचे पापुद्रे गोळा केले, चादरीच्या टोकात बांधले आणि आम्ही परत आलो.

त्या वर्षी किसनभाऊंचं उरलेलं भात फटाक्यांनी वाचलं. मुलांनी डबे बडवले. अजूनही दिवेलागणीला तिकडून फटाक्यांचा आवाज येतो, पण त्यावर कोणी ताटं मांडत नाही. त्या घरापलीकडच्या दोन शेतांत आता प्लॉट पडले आहेत आणि नव्या घरांना अशा रंगांच्या भिंती आहेत की जनूभाऊ त्या बाजूने जात नाहीत. रिक्षावाले मात्र अजूनही 'बंदूकवाल्यांचं घर' म्हणून तिथेच सोडतात. बंदूक जमा केली हे त्यांना माहीत आहे. पत्ता बदलण्याची गरज कोणाला वाटलेली नाही.

मी पुढे पालघरला राहायला गेलो. मागच्या महिन्यात संध्याकाळी सहज बेटेगावला गेलो तर दोरीवर टॉवेल, परकर आणि मध्ये तारेच्या दोन आकड्यांना अडकवलेली काठी. शेंड्यापासून मुठीपर्यंत गवत आणि कुड्याची पानं, पावडर घालून चमक मारलेली. खुर्चीतून जनूभाऊ म्हणाले, 'हात नका लावू, ओली हाय.'

वहिनींनी चहाबरोबर तक्रार दिली. काठी भुईला टेकवली की अंगणात दिसत नाही, परवा त्या तिला अडखळून पडता पडता वाचल्या. घरात ती फक्त दादांना सापडते, वासावरून. पांढरी रंगवा म्हटलं, आंधळ्याची काठी पांढरी असते, तर म्हणे पांढऱ्याच्या शंभर शेडी असतात, तू कुठली म्हणतेस.

दादा थकले आहेत, पण रोज बांधापर्यंत जाऊन येतात. चहा संपल्यावर खाटेवरून ते उठले आणि विचारलं, 'सुकली काय रे जन्या?'

मी आत येताना दोरीखालून वाकलो होतो आणि काठी माझ्या पांढऱ्या सदऱ्याला घासून गेली होती. मी खांद्याकडे पाहिलं. डाग नव्हता.

'नाय दादा,' जनूभाऊ म्हणाले. 'ओली हाय. माझा हात धर.'

दादा दोरीपाशी आले. वास घेत काठीपर्यंत पोचले आणि तिच्यावरून एक बोट सावकाश फिरवलं. मग ते बोट त्यांनी धोतराला नीट पुसलं, दोन्ही बाजूंनी, रंग लागल्यासारखं, आणि भावाचा हात धरला.